लाइव्ह ट्रॅफिक दाखवणारं नेव्हिगेशन यंत्र: घेण्याआधी काय काय तपासायचं

माझ्या पहिल्या नेव्हिगेशन यंत्राच्या खोक्यावर ‘लाइव्ह ट्रॅफिक’ असं ठळक छापलेलं होतं. चार महिने मी ते वापरलं आणि त्या चार महिन्यांत त्याने मला एकदाही कोंडीची आगाऊ खबर दिली नाही. पडद्याच्या कोपऱ्यात गाडीचं एक छोटं चिन्ह होतं, ते कायम करडं. मी समजत होतो, करडं म्हणजे रस्ता मोकळा. मग एका संध्याकाळी सहज माहितीपुस्तिका चाळताना कळलं, की ट्रॅफिकची बातमी पकडणारा रिसीव्हर यंत्रात नव्हताच. तो सोबत आलेल्या जाडजूड चार्जिंग केबलमध्ये होता. ती केबल अडचणीची वाटते म्हणून मी पहिल्याच आठवड्यात ड्रॉवरमध्ये टाकली होती आणि मोबाइलची साधी केबल लावली होती. यंत्र चार्ज होत होतं, रस्ता दाखवत होतं, मग शंका कशाला येईल?

चूक माझी होती. पण त्यातून एक सवय लागली. आता कोणी ‘कुठलं यंत्र घेऊ?’ असं विचारलं, की पडदा किती इंची आणि बजेट किती हे नंतर. आधी विचारतो, त्यात ट्रॅफिक येतं कुठून? दुकानातल्या माणसाला याचं उत्तर बरेचदा देता येत नाही. म्हणून ते तुम्हाला माहीत हवं.

पायरी १: मुळात वेगळं यंत्र लागणार आहे का?

हा प्रश्न टाळून पुढे गेलात तर बाकीची मेहनत वाया जाईल. फोनमध्ये गूगल मॅप्स किंवा वेझ हे नकाशाचं अ‍ॅप आहे आणि रोजच्या रस्त्यावर नेटवर्कही बरं आहे, तर लाइव्ह ट्रॅफिकची उत्तम सोय तुमच्याकडे आधीच आहे, तीही फुकट. गूगलने २००९ मध्ये फोनवर वळणावळणाला सूचना देणारं नेव्हिगेशन फुकट द्यायला सुरुवात केली आणि वेगळी यंत्रं विकणाऱ्यांचे सुगीचे दिवस ओसरायला लागले. २०१३ मध्ये वेझसुद्धा गूगलनेच विकत घेतलं. गाडीच्या पडद्यावर अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले चालत असेल, तर फोन बाजूला ठेवूनही तोच नकाशा मोठा दिसतो.

तरीही वेगळ्या यंत्राला अर्थ आहे, पण तो ठरावीक लोकांसाठी. जिथे तासन्‌तास नेटवर्क नसतं अशा भागातून ज्यांचं जाणं-येणं आहे, त्यांना आख्खा नकाशा पोटात घेऊन बसलेलं यंत्र बरं. (फोनवरही नकाशा आधी उतरवून ठेवता येतो, पण तो ठरावीक मुदतीने ताजा करावा लागतो, आणि ते नेमकं प्रवासाच्या दिवशी राहून जातं.) ज्यांना गाडी चालवताना सारखे कामाचे फोन येतात, त्यांच्या नकाशावर ऐन वळणावर कॉलची खिडकी उघडते. एकच गाडी तीन-चार जण चालवत असतील, तर कोणाचा फोन जोडायचा हा वाद यंत्राने मिटतो. ट्रक चालवणाऱ्यांचं किंवा मागे कॅराव्हॅन (चाकांवरचं घर) ओढणाऱ्यांचं प्रकरण वेगळंच आहे, त्यावर पुढे येतो. आणि ज्यांना फोनच्या बारीक अक्षरांचा, सारख्या येणाऱ्या सूचनांचा कंटाळा आहे अशी वयाने मोठी माणसं. त्यांना चार मोठी बटणं असलेला, एकच काम करणारा डबा फार सोयीचा पडतो.

यापैकी कुठेच बसत नसाल तर एक मजबूत फोन स्टँड आणि चांगला चार्जर घ्या, आणि हा लेख इथेच सोडा. गमतीने म्हणत नाही. उत्साहाने घेतलेली कितीतरी यंत्रं नव्याचे नऊ दिवस संपले की डिकीत जाऊन पडतात.

पायरी २: ट्रॅफिक आकाशातून येत नाही, हे डोक्यात पक्कं करा

‘जीपीएस आहे म्हणजे ट्रॅफिक कळणारच’ हा सगळ्यात मोठा गैरसमज. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त स्वतःची वेळ आणि जागा सांगत फिरतात. तुमचं यंत्र किमान चार उपग्रहांचे सिग्नल ऐकतं आणि स्वतः कुठे आहे ते गणिताने काढतं. हा सगळा एकतर्फी मामला आहे. उपग्रहाला तुम्ही माहीत नाही, तुमच्या पुढे अडकलेल्या चारशे गाड्याही माहीत नाहीत. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बेइदोऊ या यंत्रणांनाही हेच लागू. खोक्यावर यांची नावं असतील तर चांगलंच आहे, उंच इमारतींच्या गल्लीत जागा पटकन सापडेल. पण ट्रॅफिकशी त्याचा काडीचा संबंध नाही.

मग कोंडी कळते कशी? मुख्यतः दुसऱ्यांच्या गाड्यांवरून. ज्यांचे फोन किंवा नेव्हिगेशन यंत्रं आपली जागा आणि वेग नावाशिवाय सर्व्हरला कळवत असतात, त्यांच्यावरून त्या त्या तुकड्याचा सरासरी वेग निघतो. एरवी जिथे ताशी ६० चा वेग असतो तिथे आज सगळे १० ने सरकत असतील, तर तो तुकडा लाल. जोडीला रस्त्यात पुरलेले किंवा खांबावर लावलेले सेन्सर, वाहतूक यंत्रणांनी दिलेल्या रस्ताबंदीच्या सूचना, आणि वेझसारख्या अ‍ॅपवर लोकांनी स्वतः टाकलेल्या अपघाताच्या खबरा.

हे किती भाबडं गणित आहे ते २०२० मध्ये सायमन वेकर्ट या जर्मन कलाकाराने दाखवून दिलं. एका छोट्या हातगाडीत त्याने ९९ जुने फोन भरले, सगळ्यांवर गूगल मॅप्स चालू ठेवलं आणि बर्लिनच्या रस्त्यांवरून ती गाडी हळूहळू ओढत नेली. मोकळा रस्ता नकाशावर लाल झाला. सर्व्हरच्या दृष्टीने तिथे ९९ गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या.

यातून खरेदीपुरत्या दोन गोष्टी काढा. पहिली: माहिती देणारी डोकी जितकी जास्त तितकं चित्र खरं. म्हणून यंत्र कोणत्या कंपनीचं आहे यापेक्षा त्याला ट्रॅफिकची माहिती कोण पुरवतं, आणि त्या पुरवठादाराचे वापरणारे तुमच्या भागात किती आहेत, हे महत्त्वाचं. टॉमटॉम ही कंपनी स्वतःची माहिती स्वतः गोळा करते. इतर अनेक कंपन्या हिअरसारख्या पुरवठादाराकडून ती विकत घेतात. सेवेच्या पानावर ‘ट्रॅफिक कव्हरेज’ असा नकाशा किंवा देशांची यादी असते. तुमचा देश तिथे नसेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. रंग नसलेला रस्ता म्हणजे मोकळा रस्ता नव्हे. ‘इथे कोंडी नाही’ आणि ‘इथलं काही कळलेलं नाही’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत. चांगलं यंत्र त्या वेगळ्या दाखवतं: मोकळ्याला हिरवा, अज्ञाताला काहीच नाही किंवा करडा. काही यंत्रं दोन्हीला सारखंच कोरं सोडतात. मी त्या करड्या चिन्हावर चार महिने काढले आहेत, तेव्हा हे जरा कळकळीने सांगतो.

पायरी ३: ती बातमी तुमच्या डब्यापर्यंत कोणत्या वाटेने येते?

इथेच खरी मेख आहे. वाटा मुख्यतः चार.

सगळ्यात जुनी वाट एफएम रेडिओची. गाण्यांच्या सोबत, कानाला ऐकू न येणाऱ्या भागात, आरडीएस नावाचा बारीकसा डेटा वाहत असतो. कार स्टिरिओवर स्टेशनचं नाव दिसतं ते त्याच्यामुळे. त्यातच ट्रॅफिकच्या सूचना घुसवतात, त्याला टीएमसी म्हणतात. ही नळी किती बारीक आहे बघा: आरडीएसचा पूर्ण वेग सेकंदाला ११८७.५ बिट. १ एमबीचा एक फोटो त्यातून पाठवायचा म्हटलं तर पावणेदोन तासांहून जास्त लागतील. एवढ्याशा जागेत वाक्यं मावत नाहीत, म्हणून आकडे पाठवतात: अमुक क्रमांकाच्या ठिकाणी, तमुक क्रमांकाचा प्रकार, इतके टप्पे मागपर्यंत. यंत्रातल्या कोष्टकात तो क्रमांक शोधून मग ‘अपघात, दोन किलोमीटर रांग’ असं पडद्यावर येतं. एका कोष्टकात ठिकाणांना जास्तीत जास्त ६५,५३६ क्रमांक मावतात, त्यामुळे महामार्ग आणि मोठे चौक येतात, आतले रस्ते येत नाहीत. बरं, सूचना एकामागून एक रांगेने येतात, त्यामुळे गर्दीच्या वेळी त्या यायला उशीर होतो. वरातीमागून घोडं म्हणतात तसं. फायदा एवढाच, की सिम नको, फोन नको, वर्गणी बहुधा नको.

दुसरी वाट डिजिटल रेडिओची: युरोपात डीएबी, उत्तर अमेरिकेत एचडी रेडिओ. नळी जाड, माहिती जास्त तपशिलाची, पण ते प्रसारण तुमच्या भागात असायला हवं. एका खंडातलं यंत्र दुसऱ्या खंडात नेलंत तर त्याचा हा भाग मुका होतो.

या दोन्ही प्रकारांत रिसीव्हर केबलमध्ये असू शकतो, आणि ती केबल गाडीच्या सॉकेटमध्ये लावलेली असेल तरच ट्रॅफिक येतं. खोक्यातली केबल जपा. हरवली तर नवी मागवताना ‘चार्जिंग केबल’ मागू नका, ‘ट्रॅफिक रिसीव्हर केबल’ मागा. दोन्ही दिसायला सारख्याच असतात.

तिसरी वाट तुमच्या फोनची. यंत्र ब्लूटूथने फोनला जोडायचं, कंपनीचं अ‍ॅप फोनवर टाकायचं, आणि फोनच्या इंटरनेटवरून ट्रॅफिक यंत्राकडे जातं. डेटा फारसा खर्च होत नाही, कारण नकाशा यंत्रातच असतो, फक्त बदल येतात. डोकेदुखी वेगळी आहे. फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप बंद करतो आणि ट्रॅफिक गुपचूप गायब होतं. म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला बॅटरी बचतीतून वगळा आणि लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ अशी द्या. फोनची ऑपरेटिंग सिस्टीम अपडेट झाली की ही जोडणी पुन्हा तपासायची.

चौथी वाट यंत्रातच बसवलेल्या सिमची. सगळ्यात सुटसुटीत: चालू केलं की ट्रॅफिक हजर. पण विकत घेताना तीन प्रश्न विचाराच. डेटाचा खर्च किमतीत धरला आहे का, आणि किती वर्षांसाठी? सीमा ओलांडल्यावर दुसऱ्या देशात ते चालतं का? आणि आतलं मोडेम कोणत्या पिढीचं आहे? तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि तिथेच फसतात. अमेरिकेत २०२२ मध्ये मोठ्या मोबाइल कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं, त्याबरोबर बऱ्याच धडधाकट गाड्यांच्या मोबाइल नेटवर्कवर चालणाऱ्या सेवाही बंद पडल्या. पडदा ठीक, नकाशा ठीक, फक्त बोलायला पलीकडे टॉवर नाही. आज घ्यायचं तर किमान फोरजी.

माझी पसंती विचाराल, तर फोन नेहमी सोबत असणाऱ्याला तिसरी वाट पुरेशी आहे. गाडी अनेकजण चालवत असतील तर चौथीसाठी जास्त पैसे घाला. पहिलीवर विसंबून आज नवं यंत्र घेऊ नका. जोडीला एफएम असेल तर असू दे.

पायरी ४: बातमी कळल्यावर यंत्र करतं काय?

दोन यंत्रांना तीच कोंडी त्याच क्षणी कळते. एक नकाशावर लाल रेघ ओढून गप्प बसतं. दुसरं म्हणतं, ‘पुढे अठरा मिनिटांचा उशीर, डावीकडून गेलात तर अकरा मिनिटं वाचतील.’ खोक्यावर दोघांच्याही ‘लाइव्ह ट्रॅफिक’च लिहिलेलं असतं.

डेमो बघायला मिळाला किंवा परीक्षणाचा व्हिडिओ पाहिलात, तर हे शोधा: पोचण्याच्या वेळेत उशीर धरलेला आहे का, की ती वेळ फक्त अंतरावरून काढली आहे? पर्यायी रस्ता यंत्र आपणहून घेतं, विचारून घेतं, की तुम्हालाच तीन पडदे उघडून शोधावा लागतो? आणि विचारत असेल, तर उत्तर न दिल्यास काय होतं? चालत्या गाडीत हात लावता येत नाही. त्यामुळे ‘काही सेकंदांत नकार आला नाही तर वेगवान रस्ता घे’ ही सोय मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. काहींना उलटं हवं असतं. आपला रस्ता विचारल्याशिवाय बदललेला त्यांना खपत नाही. दोन्ही पर्याय सेटिंगमध्ये असलेलं यंत्र निवडा.

किती मिनिटं वाचत असतील तर रस्ता बदलायचा, हे ठरवता येणं ही आणखी एक दुर्लक्षित सोय. नाहीतर दोन मिनिटांसाठी यंत्र तुम्हाला शाळेच्या गल्लीतून, सहा गतिरोधकांवरून फिरवून आणतं, आणि बाहेर पडेपर्यंत ती दोन मिनिटं कधीच संपलेली असतात.

लांबच्या प्रवासात आत्ताच्या ट्रॅफिकपेक्षा अंदाज जास्त कामाचा. दोनशे किलोमीटर पुढची आत्ताची कोंडी तुम्ही पोचेपर्यंत सुटलेली असेल, आणि आत्ता मोकळं असलेलं शहर तुम्ही पोचता तेव्हा संध्याकाळच्या गर्दीत असेल. चांगली यंत्रं प्रत्येक रस्त्याचा वाराप्रमाणे, वेळेप्रमाणे आधी नोंदलेला वेग साठवून ठेवतात आणि दूरच्या टप्प्यासाठी तो वापरतात. नेटवर्क गेल्यावरही हीच शिदोरी उपयोगी पडते.

पायरी ५: ‘लाइफटाइम’ कोणाच्या आयुष्याचा?

‘लाइफटाइम मॅप्स अँड ट्रॅफिक’ वाचून लोक खूश होतात. बारीक अक्षरांत बघा: हा आजन्म तुमचा नसतो, यंत्राचा असतो, आणि यंत्राचं आयुष्य कधी संपलं हे कंपनी ठरवते. तिने त्या मॉडेलचे अपडेट थांबवले की लाइफटाइम संपला. त्यामुळे दुकानात धूळ खात पडलेलं चार वर्षांपूर्वीचं मॉडेल मोठ्या सवलतीत मिळत असेल, तर ती सवलत नसून उरलेल्या आयुष्याची किंमत आहे असं समजा. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलसाठी शेवटचा नकाशा कधी आला ते घेण्याआधी बघून घ्या.

नकाशा अपडेट कसा होतो हेही विचारा. वायफायवरून होत असेल तर तुम्ही करालच. संगणकाला जोडून, खातं उघडून, दोन तास बसून होत असेल तर तुम्ही तो वर्षातून एकदाही करणार नाही. मी केलेला नाही. आतली जागा पुरत नसेल तर मेमरी कार्डाची खाच हवी. नकाशे वर्षागणिक फुगतात आणि एक दिवस यंत्र म्हणतं, दोन्हीपैकी एकच प्रदेश ठेवा.

आणि नकाशा जुना असेल तर ट्रॅफिक कितीही ताजं असो, यंत्र तुम्हाला गेल्या वर्षी झालेल्या बाह्यवळणावर नेणार नाही. त्याच्या लेखी तो रस्ताच नाही.

पायरी ६: पडदा, आवाज, काच

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. लहान गाडीत ५ इंच चालतो, बहुतेकांना ६ पुरतो, ७ घेण्याआधी पुठ्ठ्याचा त्या मापाचा तुकडा कापून काचेवर धरून बघा. रस्त्याचा किती भाग झाकला जातो ते लगेच कळेल.

पडदा दुकानातल्या दिव्याखाली पाहू नका, दारात उन्हात नेऊन पाहा. आणि पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर तो घालून पाहा. काही पडदे एका विशिष्ट कोनात गॉगलमधून पूर्ण काळे दिसतात. यंत्र आडवं असताना ठीक आणि उभं केल्यावर काळं, असंही होतं. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, पण ती न केल्याने यंत्र परत करावं लागलेला माणूस मला माहीत आहे.

स्पीकर काच खाली करून, पंखा चालू ठेवून ऐका. सूचना रस्त्याच्या नावासकट बोलते की नुसतं ‘उजवीकडे वळा’ म्हणते, हेही बघा. पाच रस्ते फुटणाऱ्या चौकात नुसतं ‘उजवीकडे’ काय कामाचं!

गाडीच्या काचेला उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असेल तर उपग्रहाचे सिग्नलही अडतात. अशा काचेत बहुधा आरशाच्या आसपास थर नसलेला पट्टा सोडलेला असतो. अँटेना तिथे हवी. स्टँड एअरबॅग उघडण्याच्या जागेपासून लांब लावा, आणि उन्हात पार्क करताना यंत्र काढून घ्या. बंद गाडीची उष्णता लिथियम बॅटरी फुगवते. त्यासाठी एका हाताने निघणारं, चुंबकाचं माउंट असेल तर सोय होते. स्क्रू सोडवावा लागणारं यंत्र कोणी रोज काढत नाही.

मोठी गाडी असेल तर

ट्रक, बस, कॅराव्हॅनसाठी साधं यंत्र घेऊच नका. उंची, वजन, लांबी भरता येणारी वेगळी मॉडेल असतात. कोंडी टाळायला यंत्राने सुचवलेला आडरस्ता साडेतीन मीटरच्या पुलाखालून जात असेल, तर वाचलेली अकरा मिनिटं फार महाग पडतील. अशा यंत्रात एकच गोष्ट नक्की करून घ्या: ट्रॅफिकमुळे रस्ता बदलताना ते गाडीची मापं पुन्हा तपासतं का, की मापं फक्त पहिला रस्ता आखताना बघतं?

परदेशात चालवणार असाल तर स्पीड कॅमेऱ्याच्या सूचनांचा कायदा आधी वाचा. जर्मनीत गाडी चालवताना चालकाने अशी सूचना वापरणं बेकायदा आहे, स्वित्झर्लंडमध्येही बंदी आहे, आणि फ्रान्समध्ये कॅमेऱ्याची नेमकी जागा न दाखवता ‘धोक्याचा पट्टा’ दाखवला जातो. ती सूचना बंद करण्याचं बटण यंत्रात असायला हवं.

जुनं घेताय?

वापरलेलं यंत्र स्वस्त मिळतं, पण ट्रॅफिकसाठी घेत असाल तर जपून. गार्मिन या कंपनीच्या बऱ्याच जुन्या मॉडेलच्या नावामागे अक्षरं असतात: ‘एलएम’ म्हणजे लाइफटाइम मॅप्स, शेवटी ‘टी’ असेल तर ट्रॅफिकही. त्यापुढे ‘एस’ असेल तर ट्रॅफिक स्मार्टफोनवरून, ‘डी’ असेल तर डिजिटल रेडिओवरून. ‘टी’ नसलेल्या यंत्रात ‘लाइव्ह ट्रॅफिक आहे’ असं विकणारा म्हणत असेल, तर दाखवायला सांगा.

आणि तारीख बघा. जीपीएस आठवडे मोजतं ते १०२४ पर्यंत, म्हणजे साधारण साडेएकोणीस वर्षं; मग मोजणी शून्यावर येते. हा फेरा ६ एप्रिल २०१९ ला पूर्ण झाला. अपडेट न मिळालेली काही जुनी यंत्रं तेव्हापासून भलतीच तारीख दाखवतात.

पायरी ७: परत देण्याच्या मुदतीत खरी परीक्षा

यंत्र घेण्याआधी परत देण्याची मुदत किती आहे ते विचारा आणि पावती, खोकं, प्लॅस्टिकच्या पिशव्यासुद्धा ठेवा. मग त्या मुदतीत हे करा.

पहिल्या दिवशी मोकळ्या आकाशाखाली गाडी उभी करून यंत्र चालू करा आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. उपग्रह आपलं पंचांग हळूहळू वाचून दाखवतात. सगळ्या उपग्रहांच्या कक्षांची माहिती एकदा पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. लगेच निघालात आणि जागा सापडेना, तर यंत्राला दोष देऊ नका. याच वेळात नकाशा अपडेट करा, भाषा लावा, फोन जोडा. ट्रॅफिकचं चिन्ह चालू झालं का ते बघा, आणि त्याचे रंग कशाला काय म्हणतात ते पुस्तिकेत शोधा. हो, पुस्तिकेत.

पुढचे आठ-दहा दिवस तुमच्या रोजच्या रस्त्यावर जा, अनोळखी रस्त्यावर नको. जिथली कोंडी तुम्हाला पाठ आहे तिथेच यंत्राचा कस लागतो. निघताना दाखवलेली पोचण्याची वेळ आणि प्रत्यक्ष पोचल्याची वेळ, दोन्ही गाडी थांबवल्यावर वहीत लिहा. दहा फेऱ्यांनंतर आकडे बोलायला लागतात. चूक कधी पाच मिनिटं पुढे, कधी पाच मागे अशी असेल तर ठीक आहे. दहाही वेळा तुम्ही दाखवल्यापेक्षा उशिरा पोचला असाल, तर यंत्र उशीर धरतच नाहीये किंवा ट्रॅफिक त्याच्यापर्यंत येतच नाहीये.

सोबत कोणी असेल तर त्यांच्या हातात गूगल मॅप्स उघडा फोन द्या. कोंडीच्या शेपटाला पोचलात की विचारा: फोनवर लाल कधी झालं, यंत्रावर कधी? दोन-तीन मिनिटांचा फरक सोडून द्या. दर वेळी यंत्र पाव तास मागे असेल, तर त्याचा लाइव्हपणा खोक्यापुरताच.

एकदा मुद्दाम फोनचं इंटरनेट बंद करून निघा. यंत्र ‘ट्रॅफिक उपलब्ध नाही’ असं स्पष्ट सांगतं की जुनेच रंग दाखवत राहतं? जुनं चित्र ताजं म्हणून दाखवणारं यंत्र मी त्याच दिवशी परत करीन. बाकी सगळ्याला तडजोड आहे, याला नाही.

एकदा सुचवलेला पर्यायी रस्ता झुगारून सरळ जा, आणि यंत्र किती वेळा तेच तेच सांगतं ते मोजा. आणि एकदा बोगद्यातून किंवा उड्डाणपुलाखालून जा. वरचा रस्ता आणि खालचा रस्ता यात ते गोंधळतं का? बऱ्याचदा वरच्या पुलावरची कोंडी खालच्या रस्त्याला चिकटवली जाते.

यंत्र ठेवायचं ठरलं, तर ‘घर’ म्हणून स्वतःचा पत्ता भरू नका. जवळचा एखादा चौक भरा. गाडी चोरीला गेली तर चोराला घरापर्यंतचा रस्ता बोलून दाखवायला नको. पुढे कधी विकलंत तर आधी फॅक्टरी रिसेट करा, फोनमधली ब्लूटूथ जोडणी तोडा आणि कंपनीच्या खात्यातून यंत्राचं नाव काढा. नाहीतर पुढच्या मालकाला ते स्वतःच्या नावावर नोंदवताना अडचण येईल आणि फोन तुम्हाला येईल.

राहिली केबल. माझ्या आत्ताच्या केबलला मी सॉकेटजवळ लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि तिच्यावर मार्करने लिहिलंय: ‘ट्रॅफिक हिच्यात आहे, काढू नका.’ गाडी दुरुस्तीला दिली तेव्हा तिथल्या मुलाने ती वाचून ‘कोणती ट्रॅफिक?’ असं विचारलं होतं.